फोनने काय गिळलं, काय नाही? सोलापूरकरांचे अनुभव

यावेळचा धागा जुन्या वस्तूंवर आहे, पण 'गेले ते दिवस' म्हणून उसासे टाकायला नाही. विचारलं होतं एवढंच: स्मार्टफोन आल्यावर तुमच्या घरातलं, दुकानातलं, कारखान्यातलं कोणतं साधन खरोखर बाद झालं आणि कोणतं फोनला पुरून उरलं? टॉर्च, रेडिओ, कॅमेरा ही यादी सगळ्यांना पाठ आहे, म्हणून हिशोबाच्या आणि मोजमापाच्या साधनांवर लिहा असं सुचवलं होतं. तरी पहिला अनुभव घड्याळाचाच आला. तो आधी घेऊ.

मिल कामगाराची मुलगी

आमच्या चाळीत घड्याळं मोजकीच होती. नरसिंग गिरजी मिलचा भोंगा झाला की आई चहा टाकायची आणि वडील डबा घेऊन निघायचे. पुढे वडिलांनी चावीचं एचएमटी घेतलं, पण तेसुद्धा भोंग्यावरच लावायचे! मिल बंद पडली. एचएमटीच्या घड्याळांचे कारखाने बंद करायचं सरकारने 2016 मध्ये ठरवलं. आता उठवायचं काम फोनकडे. एक मात्र खरं, भोंग्याला 'अजून पाच मिनिटं' म्हणून गप्प करता यायचं नाही.

नवी पेठ, कापड दुकान

माझ्या गल्ल्यावर टेबल कॅल्क्युलेटर आहे आणि राहणार. कारण सांगतो. गिऱ्हाइकाने तीन तुकडे काढले, 12, 15 आणि 8 मीटरचे, भाव मीटरला 90 रुपये. आम्ही न बघता दाबतो: 12 + 15 + 8 × 90. टेबलावरचं यंत्र जसं दाबाल तसं करत जातं. आधी बेरीज 35, मग गुणाकार, उत्तर 3150. हेच नव्या पोराने फोनवर दाबलं तर आले 747! फोन शाळेतला नियम पाळतो, गुणाकार आधी. नियमाने फोनच बरोबर, पण त्या भावाने माल गेला तर दुकान कोण चालवणार?

शिवाय 'जीटी'चं बटण. एकेका मालाची रक्कम काढत जायचं, बरोबरचं चिन्ह दाबलं की ती आत साठते आणि शेवटी एका दाबात सगळ्यांची बेरीज येते. फोनवर हिशोब अर्ध्यात असताना व्याह्यांचा कॉल आला की झालं.

बाद झालं ते दराचं पुस्तक. सव्वा मीटर, पावणेदोन मीटर, कोणत्या भावाने किती, सगळं छापलेलं असायचं. आजोबांना त्याचीही गरज नव्हती. पावकी, निमकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. गिऱ्हाईक पाकीट काढेपर्यंत रक्कम सांगून मोकळे.

निवृत्त अभियंता, होटगी रोड

कॅल्क्युलेटरच्या आधीचं सांगतो. उजनीच्या कालव्यांच्या कामावर होतो तेव्हा माझ्याकडे स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकाराची सरकती पट्टी, असायची. तिच्यावरचे आकडे सारख्या अंतरावर नसतात, लॉगॅरिदमच्या (लॉगच्या) प्रमाणात असतात, आणि लॉगची बेरीज म्हणजे मूळ आकड्यांचा गुणाकार, म्हणून दोन लांब्या एकापुढे एक ठेवल्या की गुणाकार होतो. 2 चा लॉग 0.3010, 3 चा 0.4771. बेरीज 0.7781, आणि हा 6 चा लॉग. उत्तर फार तर तीन अंकांपर्यंत वाचता यायचं. दशांश चिन्ह कुठे द्यायचं हे पट्टी सांगत नसे, ते डोक्याने ठरवायचं. म्हणजे उत्तर साधारण केवढं येणार याचा अंदाज आधी बांधावाच लागे. अधिक बारीक हिशोब असला की लॉग टेबलचं पुस्तक.

हा खून फोनच्या नावावर टाकू नका. 1972 मध्ये एचपी-35 हा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर निघाला आणि थोड्याच वर्षांत स्लाइड रूलचे कारखाने थंडावले. फोनने फार तर त्या कॅल्क्युलेटरची जागा घेतली.

परवा नातवाने फोनवर 30 चा साइन काढला. उत्तर उणे 0.988. फोन अंशांवर नव्हता, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककावर होता. 30 अंशांचा साइन अर्धा, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पोराने मात्र उणे चिन्हासकट तो आकडा वहीत उतरवला.

(हे वाचून दोन शिक्षिकांनी 'रोजचंच आहे' एवढंच कळवलं. त्यांनी सविस्तर लिहायला हवं होतं.)

पौरोहित्य करणारे, बाळीवेस

दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, तरी यजमान फोन उघडून मलाच वेळ सांगतात. माझी हरकत नाही. फक्त फोनने गाव कोणतं धरलंय ते बघा. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंश, त्यामुळे इथे सूर्य साधारण 12 मिनिटं आधी उगवतो. दिवसाची तिथी सूर्योदयावरून धरतात. तिथी अगदी त्या वेळेच्या आसपास बदलत असेल तर मुंबईचा दिवस वेगळा आणि आपला वेगळा होऊ शकतो.

शेतकरी, मोहोळ तालुका

बांधावरून फोन घेऊन फिरलं की क्षेत्र दाखवणारी ॲपं आली, आणि आमच्या भावकीत नवीन भांडण आलं. पूर्वी मोजणीला साखळी यायची, 66 फुटांची, 100 कड्यांची. अर्धी साखळी म्हणजे 33 फूट, आणि 33 बाय 33 फूट म्हणजे एक गुंठा, 40 गुंठ्यांचा एकर. फोनचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे होतं, आणि गुंठ्याची बाजूच मुळात दहा मीटर! फवारणीचं औषध किती लागेल, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे किती, एवढ्याला ॲप झकास. बांधाच्या वादात चुलत्यांनी तोच फोन नाचवला तेव्हा मी सरळ सरकारी मोजणीचे पैसे भरले. मोजणीवालेही आता रोव्हर घेऊन येतात. तेही उपग्रहावरच चालतं, पण त्याची अचूकता सेंटिमीटरात.

यंत्रमाग कारखाना, अक्कलकोट रोड एमआयडीसी

सगळे दुकानाचंच बोलूलालेत की! आमच्याकडे पिक ग्लास असायची, कापडावर ठेवून इंचात आडवे धागे किती ते मोजायचं भिंग. आता पोरं फोटो काढून मोठा करतात आणि मोजतात. डोळ्याला बरं पडतं.

मुनीमजींच्या भिंतीवर कोष्टकं लावलेली असायची. काउंट, म्हणजे सुताच्या जाडी-बारकीचं माप: एका पौंडात 840 यार्डांच्या किती लड्या, विसाचं सूत असेल तर पौंडाला 16,800 यार्ड. ती कोष्टकं फोनने भिंतीवरून उतरवली, रडायचं कारण नाही. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल, 450 जीएसएम (चौरस मीटरला 450 ग्रॅम), नग किती ग्रॅमचा? 506. गिऱ्हाईक कॉलवर असतानाच सांगता येतं. पण माल खरंच तेवढा भरला का, हे काट्यावर ठेवल्याशिवाय कळत नाही. मागावर सूत आणि ओल आपल्या मनानं चालतात, फोन काय करणार?

विडी कामगार घरातली लेक

आमच्या आईनं या धाग्यासाठी सांगितलेलं: 25 विड्यांचा कट्टा, 40 कट्टे झाले की हजार. ओकटी, रेंडु, मूडु करत तेलुगूतच मोजते. हात तंबाखूने माखलेले असतात, फोनला कोण हात लावणार?

लक्ष्मी मंडई, भाजीवाले

फोनमुळे वस्तू गेल्या म्हणता, माझ्याकडे एक वाढली. पैसे आले की बोलणारा डबा. गर्दीत ओल्या हाताने फोन बघवत नाही, गिऱ्हाईक नुसता स्क्रीन दाखवून निघून जातं. डबा ओरडला की पिशवी हातात. सुट्ट्या पैशांच्या बदल्यात कोथिंबीर द्यायची पद्धत मात्र बंद झाली. कोथिंबीर तरी फुकट मागतातच.

इंजिनिअरिंग, दुसरं वर्ष

परीक्षेच्या हॉलमध्ये फोन चालत नाही, त्यामुळे वर्षभर फोनवर गणितं करणारे आम्ही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सायंटिफिक कॅल्क्युलेटर शोधत फिरतो. बटणं कुठं आहेत तेच आठवत नाही. कुणाच्या घरी पडून असेल तर सांगा, सात रस्त्यापर्यंत घ्यायला येतो.

निवृत्त अभियंता, होटगी रोड

माझ्याकडे आहे. स्लाइड रूल नव्हे, कॅल्क्युलेटरच. घेऊन जा, सेल मात्र तुझे. आणि आधी तो अंशांवर आहे का ते बघ.