मस्टँग जीटी (ऑटोमॅटिक): मागच्या एक्सलचे गुणोत्तर ३.१५ वरून ३.७३ करावे का?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागे २७५/४० आर १९ मापाचे टायर आहेत. गाडी सेकंड हँड घेतल्यामुळे मागच्या एक्सलचे गुणोत्तर ऐकीव माहितीवर न सोडता मोजून पाहिले. दोन्ही मागची चाके स्टँडवर उचलली, गिअर न्यूट्रलला टाकला, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण केली आणि चाके पूर्ण दहा फेरे फिरवली. शाफ्ट साडेएकतीस फेरे फिरला, म्हणजे गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ३.१५ आहे याबद्दल शंका उरली नाही.

गाडीत दोष काहीच नाही, पण साठ ते ऐंशीच्या वेगात ती जरा सुस्त वाटते. सापुताऱ्याच्या रस्त्याला वणीच्या पुढे चढ-वळणे सुरू झाली, की गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये रेंगाळतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एकदम दोन गिअर खाली येतो. कसारा घाट चढतानाही तोच अनुभव येतो. परदेशातले अनेक मालक ३.७३ चा क्राऊन-पिनियन (एक्सलमधली मोठ्या आणि लहान दातेरी चाकाची जोडी) बसवून गाडीचा कायापालट झाल्याचे लिहितात. माझे फिरणे बरेचसे शहरात, काही घाटांत आणि अधूनमधून समृद्धीवर असते. अशा वापरासाठी ३.७३ योग्य ठरेल की ३.५५ वर थांबावे, समृद्धीवर इंजिन किती फिरेल आणि हे काम नाशिकमध्ये नीट होऊ शकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दातेरी_चक्र

आपण गुणोत्तर स्वतः मोजून मग प्रश्न विचारला, हे फार चांगले केले. मी सातपूरला गिअर कटिंगच्या कामात आहे, त्यामुळे आधी आकडे मांडतो आणि मग मत देतो.

३.१५ चे ३.७३ केले, की प्रत्येक गिअरमध्ये चाकावर येणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) १८.४ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळणारा वेग तेवढ्याच पटीने उतरतो. ३.५५ केल्यास हाच फरक १२.७ टक्के पडतो. इंजिनाची अश्वशक्ती दोन्ही वेळा आहे तेवढीच राहते. आपल्या टायरचा घेर हिशेबाने साधारण २.२ मीटर येतो आणि आपल्या गिअरबॉक्सची गुणोत्तरे पहिल्यापासून सहाव्यापर्यंत ४.१७, २.३४, १.५२, १.१४, ०.८७ आणि ०.६९ अशी आहेत. त्यावरून सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन सध्या सुमारे १६४० आरपीएमवर फिरते. ते ३.५५ ला १८५० आणि ३.७३ ला १९४५ च्या घरात जाईल. समृद्धीच्या १२० च्या मर्यादेला हेच आकडे अनुक्रमे १९७०, २२२० आणि २३३० होतात. टायर भाराखाली थोडा दबतो, म्हणून प्रत्यक्षात किंचित जास्त धरावेत. एवढ्या मोठ्या इंजिनाला २३३० आरपीएम जड नाही, त्यामुळे समृद्धीची काळजी मनातून काढून टाकावी. पेट्रोल थोडे वाढेल, इतकेच.

खरी अडचण खालच्या गिअरमध्ये आहे. परदेशातल्या ज्या गाड्यांवर ३.७३ ची स्तुती होते, त्यांतल्या कितीतरी मॅन्युअल आहेत. त्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.६६ आहे, त्याला ३.७३ ने गुणले की १३.६५ येतात. आपल्या ऑटोमॅटिकचा पहिला गिअर मुळातच ४.१७ आहे आणि आजच्या ३.१५ बरोबरही त्याचा गुणाकार १३.१४ होतो. म्हणजे ती मंडळी एवढा खर्च करून जिथे पोहोचली, तिथे आपली गाडी कारखान्यातूनच जवळजवळ पोहोचलेली आहे. शिवाय गाडी जागेवरून सुटताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांमधला द्रवावर चालणारा जोड) आणखी टॉर्क वाढवतो, तो वेगळाच. ३.७३ बसवल्यास आपला पहिला गिअर १५.५५ वर जाईल. पावसाळ्यात गंगापूर रोडच्या सिग्नलवरून निघताना हा जास्तीचा टॉर्क टायर घसरण्यातच जाईल आणि ट्रॅक्शन कंट्रोल तो कापून टाकेल.

आणखी एक बाब सहसा कोणी तपासत नाही. ६५०० आरपीएमला गिअर बदलतो असे धरले, तर आज दुसरा गिअर ताशी ११६ किलोमीटरपर्यंत पोहोचतो. ३.५५ ला तो १०३ पर्यंत जातो आणि ३.७३ ला ९८ लाच संपतो. म्हणजे शून्य ते शंभर मोजताना ३.७३ ला तिसरा गिअर घ्यावाच लागेल आणि जो वेळ वाचवायचा, त्यातला काही त्या एका बदलात जाईल. म्हणून आपल्या गिअरबॉक्ससाठी ३.७३ चा विचार मी सोडून देईन. बदलायचेच असेल, तर ३.५५ पर्यंत.

त्याआधी एक फुकटचा प्रयोग करून पाहावा. ३.७३ लावल्यावर सहाव्या गिअरचे एकूण गुणोत्तर २.५७ होईल, तर आजच्या पाचव्याचे २.७४ आहे. स्टिअरिंगमागच्या पॅडलने पाचवा गिअर धरून नाशिकहून सिन्नरपर्यंत जाऊन यावे. वरच्या वेगात गाडी जशी वाटेल, त्याहून किंचित सौम्य फरक ३.७३ ने पडेल. तेवढ्याने समाधान झाले, तर एक्सल उघडण्याचे कारणच राहत नाही.

व्ही८_नाशिक

वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण ३.५५ च्या बाजूने थोडे बोलावेसे वाटते. पॅडलने गिअर खाली घेणे आणि गाडीने आपणहून उत्साहाने ओढणे यांत चालवणाऱ्याला फरक जाणवतो, आणि तो केवळ मनाचा खेळ नसतो. घाटात तीस-चाळीसच्या वेगात वळण घेऊन बाहेर पडताना अर्ध्या दाबावर गाडी जी ओढ घेते, ती ३.५५ ने नक्की वाढते आणि मधला किकडाऊन (अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गिअर आपोआप खाली येणे) अनेकदा टळतो. उतारावर इंजिन ब्रेकिंगही थोडे चांगले मिळते, जे कसारा उतरताना उपयोगाचे आहे.

टायर बदलूनही गुणोत्तर हलवता येते, हेही लक्षात ठेवावे. २७५/३५ आर १९ लावल्यास चाकाचा व्यास सुमारे चार टक्क्यांनी कमी होऊन ३.१५ चा परिणाम ३.२८ सारखा होतो. मात्र गाडी जवळजवळ चौदा मिलिमीटर खाली बसेल. आपल्याकडचे गतिरोधक पाहता हा मार्ग मी सुचवणार नाही.

अंबड_वर्कशॉप

नाशिकमध्ये हे काम होईल का, या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे रोजचे काम डिफरन्शिअलचेच, म्हणजे क्राऊन-पिनियन ज्यात असते त्या मागच्या एक्सलच्या यंत्रणेचेच आहे. क्राऊन-पिनियन बदलणारे कुशल कारागीर आपल्याकडे भरपूर आहेत. ट्रक, जीप आणि पिकअपची जोडी ते हाताच्या अंदाजाने बसवतात आणि त्या गाड्या वर्षानुवर्षे चालतात. पण मस्टँगसारख्या शांत केबिनच्या आणि वेगवान गाडीत अंदाज चालत नाही. शंभर मायक्रॉनची चूकही ऐंशीच्या वेगाला 'घुंई' असा सूर होऊन कानावर येते आणि तो सूर पुढे कधीच जात नाही.

मागे स्वतंत्र सस्पेन्शन असल्याने सायलेन्सरचा मागचा भाग उतरवून आणि दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) सोडवून संपूर्ण हाऊसिंग (डिफरन्शिअलची पेटी) खाली घेता येते आणि टेबलावर काम करता येते, ही चांगली गोष्ट आहे. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून जोडी नेहमी एकत्रच घ्यावी. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन कधीही लावू नये. पिनियनची खोली त्याच्या बेअरिंगखालच्या शिमने (पातळ चकतीने) ठरते आणि क्राऊनशी असलेला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) दोन्ही बाजूंच्या शिमने. बॅकलॅश डायल गेजवर मिलिमीटरच्या काही दशांशांत मोजतात आणि तो क्राऊनवर एकाच ठिकाणी न मोजता तीन-चार ठिकाणी मोजावा लागतो, कारण क्राऊन किंचित वाकडा बसला असेल, तर तो तिथेच पकडला जातो. यासाठी कंपनीच्या दुरुस्ती पुस्तिकेतलीच मर्यादा धरावी.

त्यानंतर क्राऊनच्या काही दातांना मार्किंग पेस्ट लावून, हाताने थोडा रोध देत, दोन्ही दिशांना फिरवून पाहतात. पिनियन जास्त आत असेल तर दाब पडल्याची खूण दाताच्या मुळाशी उमटते, बाहेर असेल तर शेंड्याकडे सरकते. ती मध्यावर येईपर्यंत बेअरिंग काढून शिम बदलत राहावे लागते. यात पूर्ण दिवस जाऊ शकतो. जो कारागीर दोन तासांत गाडी देतो म्हणतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा.

पिनियनच्या नटाबद्दल विशेष सांगतो. त्याच्या आत दबणारी एक नळी असते, जिला आम्ही क्रश स्लीव्ह म्हणतो. नट आवळत गेले की ती दबते आणि बेअरिंगवर योग्य प्रीलोड (आधीपासूनचा दाब) येतो. मर्यादेपुढे आवळला गेला, तर नट सैल करून भागत नाही, कारण दबलेली नळी परत फुगत नाही. नवी नळी घालून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून इम्पॅक्ट गनने नट आवळणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नये. प्रत्येक थोड्या आवळण्यानंतर पिनियन फिरवायला किती जोर लागतो, हे लहान मापाच्या टॉर्क रेंचने पाहायचे असते.

सुट्या भागांबाबत सांगायचे, तर फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि मस्टँग तर आधीपासूनच आयात होत होती, त्यामुळे जोडी, बेअरिंग, सील आणि क्रश स्लीव्ह एकाच वेळी बाहेरून मागवावे. एक सील कमी पडले, तर गाडी महिनाभर स्टँडवर राहील. माझा खरा सल्ला असा, की ३.५५ चे कारखान्यात जुळवलेले संपूर्ण डिफरन्शिअल चांगल्या स्थितीत मिळाले, तर तेच घ्यावे. खर्च वाढेल, पण मूळ हाऊसिंग जसेच्या तसे जपून ठेवता येईल आणि पुढे गाडी विकताना परत बसवता येईल.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनापासून आभार. पाचवा गिअर धरून सिन्नरपर्यंत जाऊन आलो. शंभरच्या वेगात ओढ स्पष्ट वाढलेली जाणवली आणि आवाजही अजिबात त्रासदायक वाटला नाही. ३.७३ चा विचार मी सोडला आहे. आता दोन शंका उरतात. ३.५५ बसवल्यावर गाडीच्या संगणकात काही बदलावे लागेल का? आणि विम्याच्या दृष्टीने हा फेरबदल ठरतो का?

व्ही८_नाशिक

विम्यापुरते सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांविषयी आहे. आरसीवर एक्सलचे गुणोत्तर लिहिलेले नसते, तरी विमा कंपनीला लेखी कळवून त्यांची पोच जवळ ठेवावी. या पिढीच्या जीटीला फोर्डनेच वेगवेगळ्या प्रकारांत ३.१५, ३.३१, ३.५५ आणि ३.७३ ही गुणोत्तरे दिली होती, हेही त्या पत्रात नमूद करावे.

दातेरी_चक्र

संगणकाला नवे गुणोत्तर सांगणे आवश्यक आहे. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग आणि चाकांचा वेग यांचा मेळ गाडी सतत घालत असते. संगणकात ३.१५ चाच आकडा राहिला, तर गिअर बदलण्याच्या वेळा चुकतात आणि ट्रॅक्शन कंट्रोल विनाकारण मध्ये पडू शकते. ज्या गाड्यांत स्पीडोमीटर शाफ्टवरून चालतो, तिथे १०० ला तो ११२ च्या पुढे दाखवेल. ज्यांच्याकडे हा आकडा बदलण्याचे साधन आहे, त्यांच्याकडूनच हे करून घ्यावे आणि नंतर जीपीएसशी वेग पडताळून पाहावा. त्याच बैठकीत गिअर बदलण्याचा नकाशाही थोडा जागरूक करून घेता येतो. वणीच्या पुढे आपल्याला जे रेंगाळणे जाणवते, त्याचा निम्मा भाग तिथेच सुटेल असे माझे मत आहे, म्हणून मी तर हे काम आधी करेन आणि एक्सल नंतर उघडेन.

अंबड_वर्कशॉप

या क्रमाशी मीही सहमत आहे. पुढे एक्सल उघडलाच, तर नव्या जोडीची सुरुवातीची काळजी डोळ्यांत तेल घालून घ्यावी. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटे मध्यम वेगाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि असे काही वेळा करावे, कारण पहिल्या उष्णतेत दातांचे पृष्ठभाग एकमेकांशी बसत असतात आणि त्या वेळी जास्त तापले, तर धातूचा कडकपणा जातो. पहिल्या आठशे किलोमीटरपर्यंत जागेवरून गाडी पूर्ण जोरात सोडू नये आणि कसाऱ्यासारखा लांब चढ पूर्ण ताकदीने चढू नये. त्यानंतर ऑइल बदलावे. लिमिटेड स्लिपमध्ये (एकच चाक मोकळे फिरू न देणाऱ्या डिफरन्शिअलमध्ये) क्लच प्लेट असल्याने फोर्डने सांगितलेल्या ग्रेडचे हायपॉईड ऑइल आणि घर्षणासाठीचे अ‍ॅडिटिव्ह दोन्ही घालावे, नाहीतर पार्किंगमधून वळताना मागून थरथर येते. जुने ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून त्यात चुंबक फिरवावा. राखाडी, लोण्यासारखा लेप लागला तर जोडी नीट बसली असे समजावे; बोटाला टोचणारा कण लागला, तर गाडी पुढे न चालवता हाऊसिंग पुन्हा टेबलावर आणावे.