प्रतिसाद: टच-अपचा रंग आणि ओरखड्याची खोली
गाडीवर ओरखडा दिसताच त्यावर टच-अपचा रंग (ओरखडे बुजवण्यासाठी छोट्या बाटलीत मिळणारा, गाडीच्या रंगाशी जुळणारा रंग) लावून मोकळे व्हावे, हे या चर्चेत मांडलेले मत मला अर्धेच पटते. नखाने चाचपल्यावर नख अडकत नसेल, तर ओरखडा बहुधा वरच्या पारदर्शक थरातच असतो आणि तिथे रंग लावल्यास तो डाग उलट उठून दिसतो. त्यासाठी रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून पृष्ठभाग गुळगुळीत करणारी पेस्ट, पुरेसे ठरते.

चर्चेत न आलेला मुद्दा असा, की बंपर प्लास्टिकचा असल्याने त्यावरचा ओरखडा गंजत नाही आणि सवडीने भरला तरी चालतो. दाराच्या पत्र्याला मात्र ही सवलत नाही. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत माझ्या गाडीच्या दारावर पत्रा उघडा पडलेला एक ठिपका मी पावसाळाभर तसाच राहू दिला आणि दिवाळीच्या सुमारास पाहिले, तर त्याच्या कडेचा रंग फुगून आलेला होता. मग गंज पॉलिश पेपरने घासून काढला, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) लावला आणि बाटलीतल्या जाड ब्रशऐवजी (तो माझ्या मते निव्वळ शोभेचा असतो) टूथपिकच्या टोकाने, प्रत्येक थर पूर्ण वाळू देत, रंगाचे तीन पातळ थर भरले. मेटॅलिक रंगातील चकाकणारे कण तळाशी बसतात, म्हणून बाटली आधी चांगली हलवून घ्यावी.