मदत हवी आहे : पावसातही टिकेल आणि उघडताही येईल असा एलईडी ड्रायव्हर कसा बनवायचा?

नमस्कार. मी गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळते. आम्ही रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर बनवतो. खांबावरच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून दिव्याला मानवेल तेवढाच प्रवाह देणारी ती अ‍ॅल्युमिनियमची पेटी. दिव्यावर नाव मात्र दुसऱ्या कंपनीचं असतं. त्या कंपनीने यंदा पर्यावरणाबद्दल एक लांबलचक प्रश्नावली पाठवली आहे. वीज किती वापरता, छतावर सौर पॅनेल आहेत का, कचरा कुठे जातो, झाडं लावलीत का. ती भरायला अडचण नाही, वीज खात्याची बिलं आणि भंगाराच्या पावत्या हाताशी आहेत. पण मला जो प्रश्न सतावतोय तो त्या कागदात कुठेच नाही. तो आमच्या परत आलेल्या मालाच्या रॅकवर पडून आहे.

मे अखेरीस विजा कडाडायला लागल्या की बंद पडलेले ड्रायव्हर यायला सुरुवात होते, आणि परतीच्या पावसात पुन्हा तेच. आत काळं इपॉक्सी, म्हणजे ओतल्यावर दगडासारखं कडक होणारं रसायन, ओतून घट्ट केलेलं असतं. छिन्नी लावली की इपॉक्सीबरोबर बोर्डाचेही तुकडे पडतात. मागच्या पावसाळ्यात मी एक पेटी बाकावर घेऊन कोपऱ्यापासून अगदी सावकाश फोडली. पुरवठ्याच्या तारेपाशी जी निळी चकती असते, म्हणजे विजेच्या दाबाचा अचानक आलेला झटका स्वतःवर झेलणारा व्हॅरिस्टर, ती काळी पडून चिरली होती. ट्रान्सफॉर्मर, मॉसफेट, कंट्रोलर सगळं तपासलं, सगळं ठणठणीत. दुसऱ्या एका पेटीत फक्त वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं. एवढ्याशा भागासाठी तांबं, फेराइट, अ‍ॅल्युमिनियम सगळंच भंगारात जातं. बरं, रिसायकलरसुद्धा बाहेरच्या पेटीवर खूश असतो, इपॉक्सीत गाडलेलं तांबं सोडवणं त्यालाही नको असतं.

इपॉक्सी काढूनच टाका असं मी म्हणत नाही. मिरामार, कोलवा, मोरजीच्या किनाऱ्यालगतच्या खांबांवर खारा वारा आणि चार महिन्यांची ओल असते. उघड्या बोर्डावर तांब्याला हिरवा थर चढतो आणि दोन रेषांमधून करंट झिरपायला लागतो. संरक्षण हवंच. पण ते बोर्डाची कबर होऊ नये.

बाकीची कामं आम्ही करत असतो. शिशाचं सोल्डर केव्हाच बंद झालं. ते १८३ अंशांना वितळायचं, आताचं कथील-चांदी-तांब्याचं साधारण २१७ ते २२० अंशांना, त्यामुळे ओव्हनला वीज जास्त लागते. तरी शिसं मातीत जात नाही, म्हणून हा सौदा मला योग्य वाटतो. पॅकिंगला थर्माकोलऐवजी कागदाच्या लगद्याचे साचे वापरून पाहिले. चांगले आहेत, फक्त जुलैत गोदामातच मऊ पडतात. त्यावर कुणाकडे उपाय असेल तर तोही सांगा.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेला तो २२.३ टक्के. हे वाचल्यापासून पुनर्चक्रीकरणाच्या भरवशावर राहणं मला पटत नाही. वस्तू मुळात कचऱ्यात जाऊच नये, हे बघणं बनवणाऱ्याच्या हातात असतं. म्हणून विचारते : किनाऱ्यावर टिकेल आणि तरी दुरुस्त करता येईल असं पॉटिंग, म्हणजे बोर्डावर ओतायचं भरण, कुणी वापरलं आहे का? आणि ग्राहक कंपनीने न विचारलेली ही गोष्ट तिच्या गळी कशी उतरवावी?

प्रतिसाद (पुण्याहून)

ताई, इपॉक्सीऐवजी सिलिकॉन जेल बघा. ब्लेडने कापून हाताने ओढून काढता येतं, भाग बदलला की पुन्हा ओतता येतं. मात्र दोन-तीन गोष्टी आधी तपासा. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ इपॉक्सीपेक्षा सहज आत जाते, म्हणून बोर्डावर आधी अ‍ॅक्रिलिक कोटिंगचा हात द्या. अ‍ॅक्रिलिक द्रावकाने निघतं, त्यामुळे दुरुस्ती अडत नाही. दुसरं, प्लॅटिनमने जमणारी जेल गंधक, अमाइन, कथिलाची संयुगं यांच्या संपर्कात आली की त्या जागी चिकट ओलीच राहतात. काही फ्लक्सही (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) हा त्रास देतात. तुमचाच फ्लक्स आणि तुमचंच कोटिंग घेऊन नमुना करून बघा, पुरवठादाराच्या कागदावर जाऊ नका. तिसरं, पॉटिंग उष्णताही बाहेर नेतं, तेव्हा साधं पारदर्शक जेल नको, उष्णतावाहक पूड मिसळलेलं घ्या.

पण माझं खरं म्हणणं असं, की व्हॅरिस्टर त्या पेटीत ठेवूच नका. प्रत्येक सर्ज, म्हणजे दाबाचा झटका, झेलून तो थोडा थोडा झिजतो, म्हणजे तो जाणारच. दिव्याच्या वायरिंगच्या कप्प्यात वेगळा सर्ज प्रोटेक्टर बसवा. तो गेला की तेवढाच बदलायचा. कपॅसिटरचं म्हणाल तर तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. १०५ अंशांपर्यंत चालणारा घ्या आणि ट्रान्सफॉर्मरपासून जमेल तितका लांब ठेवा.

प्रतिसाद (फोंड्याहून)

बाय, मी वीज क्षेत्रातून निवृत्त झालो, म्हणून हा हिशेब मांडतो. दिव्याला १०० वॅट देणारा ड्रायव्हर ८८ टक्के कार्यक्षम असेल तर खांबावरून सुमारे ११४ वॅट ओढतो, ९३ टक्के असेल तर १०७-१०८. रात्रीचे ११ तास धरले तर वर्षाचे चार हजार तास होतात, म्हणजे एका खांबामागे वर्षाला साधारण २४ युनिटांचा फरक. आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे १७ किलो. एका खांबाचे हे, आता तालुकाभरच्या खांबांचे करून बघ. तेव्हा दुरुस्तीसाठी रचना बदलताना कार्यक्षमता घालवू नकोस. नाहीतर दहा वर्षे टिकलेला ड्रायव्हर दहा वर्षे वीज खात बसेल.

कारखान्यात पहिल्यांदा कॉम्प्रेसरची गळती शोध. रविवारी यंत्रे बंद असताना फिरलीस तर फुसफुस कानाने ऐकू येते. दाब १ बारने उतरवता आला तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते.

प्रतिसाद (मडगावहून)

ग्राहकाला पटवायचं तर नियमांच्या भाषेत बोला. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ज्याच्या नावाने माल विकला जातो त्याच्यावर पुनर्चक्रीकरणाचं लक्ष्य असतं. २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ७० टक्के, २०२७-२८ पासून ८०. त्याच नियमांत नोंदणीकृत रिफर्बिशरने (जुना माल दुरुस्त करणाऱ्याने) पुन्हा वापरात आणलेल्या मालाची जबाबदारी पुढे ढकलण्याची सोय आहे. त्यांचा दिवा नियमांच्या अनुसूचीत कुठे बसतो हे त्यांनाच विचारा, म्हणजे बोलणं सुरू होईल. लगद्याच्या साच्यांना बाहेरून प्लास्टिक गुंडाळू नका. पॅलेट जमिनीपासून आणि भिंतीपासून सुटे ठेवा, आणि साचे पावसाळ्यात लागतील तसे थोडे थोडेच मागवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा हिशेब ग्राहकाला पाठवायच्या पत्रात घालते आहे, कारण आमच्या कारखान्याच्या अख्ख्या वीजबिलाशेजारी ठेवला तरी सगळ्या खांबांचा मिळून तो आकडा मोठा निघतोय. जेलचे नमुने आमच्याच फ्लक्सवर करून बघणार आहे.

व्हॅरिस्टर बाहेर काढायची कल्पना सर्वांत पटली, पण तिथे एक अडतं. खांबावर चढणारा माणूस शिडीवर, रेनकोटात, एका हाताने आधार धरून काम करतो. कंत्राटात सुटा भाग बदलण्याचे पैसे नसतील तर तो पूर्ण दिवाच उतरवणार, आणि त्यात त्याचा काय दोष? तेव्हा आता दोन गोष्टी विचारते. स्क्रू न काढता, ओल्या हातमोज्यांनीही जोडता-सोडवता येईल असा आयपी ६७ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा) कनेक्टर सर्ज प्रोटेक्टरसाठी कुणी वापरला आहे का? आणि कुठल्याही पंचायतीच्या किंवा पालिकेच्या निविदेत सुटा भाग बदलण्याचा वेगळा दर लावलेला कुणाच्या पाहण्यात असेल, तर त्या कलमाचा मजकूर इथे द्याल का?