पहिल्या दिवशीचा पोश्चरचा फोटो: क्लायंटला मदत की भीती?

कोथरूडची ट्रेनर

अकरा वर्षं पुण्यात ट्रेनर म्हणून काम करतेय. नवीन माणूस आला की आमच्याकडे एक विधी ठरलेला होता. भिंतीवरच्या चौकटींच्या तक्त्यासमोर उभं करायचं, पुढून-मागून-बाजूने फोटो काढायचे, कानाची पाळी, खांदा, खुबा, गुडघा आणि घोटा एका ओळंब्यात येतात का ते बघायचं. मग हात डोक्यावर धरून पाच स्क्वॉट. शेवटी कागदावर लिहायचं: खांदे पुढे, पेल्व्हिस (कमरेखालचा हाडांचा कडा) पुढे झुकलेला, ग्लूट्स (नितंबाचे स्नायू) कमजोर, मसल इम्बॅलन्स (स्नायूंच्या ताकदीत असमतोल) आहे.

मी हे बंद केलंय आणि इतरांनीही बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या वर्षी बावन्न वर्षांच्या एक काकू आल्या. दुखणं काहीही नव्हतं. पण आधीच्या जिममध्ये फोटो दाखवून सांगितलं होतं, "तुमचा पेल्व्हिस वाकडा आहे, वजन उचललंत तर मणका जाईल." त्यानंतर आठ महिने त्यांनी नातवाला कडेवर घेतलं नव्हतं. मला हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही, कारण असे कागद मीही शेकड्यांनी भरले होते.

2011 मध्ये हेरिंग्टन या संशोधकाने कसलंही दुखणं नसलेल्या 120 जणांचा पेल्व्हिस मोजला. 85 टक्के पुरुष आणि 75 टक्के बायकांचा पुढेच झुकलेला निघाला. ज्याला आपण दोष म्हणून कागदावर चढवतो, ते बहुतेक धडधाकट माणसांचं रोजचं उभं राहणं आहे.

ओळंबा

असहमत. काकूंना घाबरवलं ती त्या ट्रेनरची जीभ. तपासणीचा त्यात काय दोष?

मी नाशिकला वीस वर्षं हेच करतोय. प्रागच्या डॉ. व्लादिमीर यांदा यांनी मांडलेली जोडी (छाती आणि मानेमागचे स्नायू आखडलेले, मानेच्या पुढचे आणि पाठीचे वरचे स्नायू कमजोर) मला दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्या माणसांत रोज दिसते. स्वतः लहान वयात पोलिओ झालेला माणूस होता तो, आयुष्यभर हालचालच बघत राहिला.

आणि मी नुसतं बघून सोडून देत नाही. स्क्वॉटमध्ये गुडघे आत पडले तर टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेट ठेवतो आणि परत करायला लावतो. गुडघे सरळ राहिले तर घोटा अडतोय. तरीही आत पडले तर खुब्याकडे वळतो. मागच्या महिन्यात एक एकोणतीस वर्षांचा मुलगा आला. स्क्वॉटमध्ये तळाशी गेला की सगळा भार उजवीकडे. भिंतीपाशी गुडघा टेकवून अंगठ्याचं अंतर मोजलं, उजवीकडे 11 सेंटीमीटर, डावीकडे 4. विचारलं तेव्हा म्हणाला, कॉलेजात बाइकवरून पडून डावा घोटा मोडला होता. फॉर्मवर त्याने ते लिहिलंच नव्हतं. मी बघितलं नसतं तर तीन महिन्यांत त्याच्या खांद्यावर शंभर किलो चढवले असते.

कोथरूडची ट्रेनर

दादा, त्या मुलाचं तुम्ही जे केलंत ते मला शंभर टक्के मान्य आहे. पण नीट बघा, तिथे फोटोने काय सांगितलं? काहीच नाही. एक शंका आली, एक गोष्ट बदलून परत बघितलं, मग मोजलं आणि मग विचारलं. ही झाली तपासणी. माझा विरोध आहे तो उभ्या माणसाकडे बघून स्नायूचं नाव घेण्याला.

गुणांच्या चाचण्यांचंही तसंच. फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीनमध्ये सात हालचाली, एकूण 21 गुण. 14 किंवा कमी असतील तर दुखापतीचा धोका, ही रेघ आली 2007 च्या अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलपटूंवरच्या एका छोट्या अभ्यासातून. 2017 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा झाला तेव्हा दुखापतीचं भाकीत करायला ही चाचणी वापरण्याजोगा पुरावा नाही असाच निष्कर्ष निघाला. त्याआधी 2015 मध्ये अग्निशमन दलाच्या जवानांना फक्त गुण कसे देतात ते सांगितलं, तर काही मिनिटांत त्यांचे गुण वाढले. एवढ्या वेळात कोणाचा स्नायू बळकट होतो का?

तालमीतला गडी

मी सांगलीकडचा. शिकलेल्या माणसांच्यात बोलावं का नको असं वाटत होतं, पण राहवलं नाही.

आमची बैठक चवड्यावर असते. खाली जाताना टाच उचलतेच. तुमच्या कागदावर 'टाच उचलली' म्हणजे दोष. मग रोज पाचशे बैठका मारणारे आमचे वस्ताद नापास? कुस्तीत एक पाय कायम पुढं, मान आत, खांदे गोल, कारण ताठ उभा राहिला तर समोरचा पट काढतो, म्हणजे पाय धरून पाडतो. ते अंग कामानं घडलेलं असतंय.

पण एक कबूल करतो. उजव्या बाजूनंच डाव मारणाऱ्या पोराला वस्ताद डाव्या बाजूनं पण घोटवून घ्यायचे. त्यांना फरक दिसायचा. फोटो लागला नाही, लढताना दिसायचा.

फिजिओ, ठाणे

दोघांच्याही बोलण्यात मला एकेक गोष्ट खटकतेय.

ओळंबा सर, पेल्व्हिस पुढे झुकलेला दिसला म्हणून मांडीच्या पुढचे स्नायू आखडलेत असं ठरत नाही. त्यासाठी टेबलाच्या कडेला झोपवून एक गुडघा छातीशी धरायला लावायचा आणि दुसरी मांडी खाली टेकते का ते बघायचं. थॉमस टेस्ट म्हणतात ती हीच. पुष्कळांची मांडी आरामात टेकते. पावलं बाहेर वळलेली असतील तर खुब्याच्या वाटीची आणि मांडीच्या हाडाची ठेवणच तशी असू शकते, तिथे कितीही स्ट्रेचिंग केलं तरी हाड वळणार नाही. आणि 'ग्लूट्स झोपलेत' हे कृपा करून कोणी म्हणू नका. जो माणूस जिना चढून तुमच्यापर्यंत आला, त्याचे ग्लूट्स जागे आहेत. यांदांकडे येणारे बहुतेक लोक दुखणं घेऊन आलेले रुग्ण होते, हेही लक्षात ठेवायला हवं.

पण ताई, 'बघणं बंद' याला माझा ठाम विरोध आहे. माझ्याकडे एका ट्रेनरने पाठवलेला तरुण आला होता. पुश-अप करताना एका बाजूचं खांद्याचं फावडं (पाठीवरचं चपटं हाड) पंखासारखं बाहेर येत होतं. बरगड्यांवरून फावड्याला धरून ठेवणाऱ्या स्नायूची नसच दुखावली होती. त्याला अजून महिनाभर पुश-अप घातले असते तर? एक पोटरी दुसरीपेक्षा बारीक, चालताना चवडा घासटणं, तेरा-चौदा वर्षांची मुलगी पुढे वाकल्यावर पाठीची एक बाजू उंच दिसणं, हे सगळं ट्रेनरला दिसायला हवं. त्यावर इलाज करायचा नाही, पाठवायचं. आणि पायात मुंग्यांबरोबर लघवीवरचा ताबा गेला असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटलला.

बँकेतली, छत्रपती संभाजीनगर

मी क्लायंटच्या बाजूने बोलते. मला माझा फोटो हवा होता. चार महिन्यांनी दुसरा काढला तेव्हा मी सरळ उभी दिसत होते आणि त्या दिवशी घरी जाताना मला फार छान वाटलं. तो आनंद का काढून घेताय?

कोथरूडची ट्रेनर

तुमचा आनंद खरा आहे, तो मला काढून घ्यायचा नाही. फक्त दुसऱ्या फोटोच्या वेळी आपण नकळत ताठ उभे राहतो, म्हणून मी त्यावरून व्यायाम ठरवत नाही.

फिजिओ मॅडम, फावड्याचं वाचून मी थांबले. 'बंद' हा शब्द मी चुकीचा वापरला. बघणं चालूच आहे, उभ्याचा फोटो आणि दोषांचा कागद बंद आहे.

ओळंबा

ठीक. मग फोटो काढतो, पण पहिल्या दिवशी क्लायंटला दाखवत नाही. चालेल?

कोथरूडची ट्रेनर

नाही दादा, ते मला जास्त खटकतं. त्यांच्याच शरीराची नोंद त्यांच्यापासून लपवायची?

ओळंबा

मग तुम्ही पहिल्या दिवशी लिहिता तरी काय?

कोथरूडची ट्रेनर

आधी जुनी मोडतोड आणि ऑपरेशनं, तोंडी विचारून. खुर्चीवरून हात न टेकता 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं. एका पायावर किती वेळ उभं राहता येतं, डावा आणि उजवा वेगळा. एकाच डंबेलने एका हाताचं रोइंग (वाकून वजन कमरेकडे ओढणं), दोन्ही बाजूंना किती वेळा. डावीकडे आठ आणि उजवीकडे चौदा निघाले तर इम्बॅलन्स समोर आकड्यात आहे, मला अंदाज करावा लागत नाही. मग सुरुवात डावीकडून करायची आणि उजवीकडे तेवढेच मारायचे. सहा आठवड्यांनी परत मोजायचं. काकूंचं असंच केलं. पहिल्या दिवशी आठ किलोची केटलबेल (कडी असलेलं गोल वजन) जमिनीवरून उचलताना त्यांचे हात थरथरत होते. आता सोळा उचलतात. नातू चौदा किलोचा आहे.

ओळंबा

रोइंगची मोजणी उद्यापासून माझ्याकडेही सुरू. तक्ता मात्र भिंतीवरून काढणार नाही, त्या घोट्याच्या मुलाचा भार उजवीकडे जातोय हे मला आधी त्या चौकटींवरच दिसलं होतं.