सात स्विचची रिंग: पीव्हीएसटी प्लसवरून रॅपिडवर जावं की एमएसटीपीवर?

हिंगणा_रिंग:
हिंगणा एमआयडीसीतल्या युनिटमध्ये सात स्विच फायबर रिंगवर आहेत. पाच सिस्को, पीव्हीएसटी प्लसवर (स्पॅनिंग ट्री, म्हणजे रिंगमध्ये डेटा गोल फिरू नये म्हणून एक लिंक ब्लॉक ठेवायची पद्धत; तिचा सिस्कोचा जुना प्रकार, प्रत्येक व्हीलॅनचा वेगळा हिशेब). दोन दुसऱ्या कंपनीचे, त्यांना फक्त आरएसटीपी आणि एमएसटीपी (त्याच पद्धतीचे वेगवान, सामायिक मानकाचे प्रकार) येतं. व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग) चार: ऑफिस १०, कॅमेरे २०, मशीन ३०, फोन ४०. प्रायॉरिटी (रूट, म्हणजे मुख्य स्विच, ठरवणारा आकडा; लहान तो जिंकतो) सगळीकडे ३२७६८. रिंग तुटली की अर्धा मिनिट सगळं ठप्प. रविवारी रात्री चार तास मिळतात. काय निवडू, क्रम कसा ठेवू?

ट्रंकवाला:
भाऊ, दोन बाहेरचे स्विच आहेत ना, मग रॅपिड-पीव्हीएसटी (पीव्हीएसटी प्लसचाच वेगवान प्रकार) सोडा. ते सिस्कोशी फक्त व्हीलॅन १ पुरतं बोलतील. बाकी व्हीलॅनचे बीपीडीयू (स्पॅनिंग ट्रीचे निरोप) साधा मल्टिकास्ट (अनेकांना एकदम जाणारा डेटा) समजून पुढे ढकलतील. चालतं, पण कुठला पोर्ट का ब्लॉक झाला हे शोधताना डोकं फिरतं. एमएसटीपी घ्या, तेही नुसतं इन्स्टन्स ० (सगळ्या व्हीलॅनचा एकच हिशेब). रिंगमध्ये लोड वाटून काही हाती लागत नाही.

मात्र इन्स्टन्स एकच, म्हणजे ब्लॉक होणारी लिंकही सगळ्या व्हीलॅनला एकच. रिंगच्या एखाद्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक) व्हीलॅन २० गाळलेला असेल, तर बाकी सगळं बरोबर असूनही कॅमेरे जातील. ट्रंकच्या याद्या आधी जुळवा.

बर्डी_कन्सोल:
रूट आजच, पीव्हीएसटीवर असतानाच पक्का करा. नाहीतर सर्वात लहान मॅकवाला (मॅक म्हणजे स्विचचा कारखान्यातून येणारा पत्ता) रूट होतो, आणि तो बहुतेकदा सर्वात जुना डबा निघतो. सर्व्हर रूममधल्या दोन सिस्कोंना ४०९६ आणि ८१९२ द्या, व्हीलॅन १ सकट.

पीसी, कॅमेरे, फोनच्या पोर्टवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच उघडतो) आणि बीपीडीयू गार्ड (तिथे बीपीडीयू आला की पोर्ट बंद) टाका. पोर्टफास्ट नसेल तर रिंग हलली की ते पोर्टही थांबवले जातात. पीसीकडून होकार येत नाही, मग पुन्हा ३० सेकंद.

रीजनचं (एमएसटीपीत एकत्र चालणाऱ्या स्विचचा गट) नाव आणि रिव्हिजन क्रमांक सातही स्विचवर आधीच टाका. नावात एक अक्षर लहान-मोठं झालं तरी रीजन वेगळा. मोड रूटपासून बदलत बाहेर जा. इन्स्टन्स ० ची प्रायॉरिटी वेगळी द्यावी लागते. पीव्हीएसटीची आपोआप येत नाही, तो परत ३२७६८ वर बसतो. मोड बदलताना त्या स्विचचे पोर्ट पुन्हा सुरुवातीपासून चालू होतात, म्हणून कन्सोल केबल (स्विचला थेट जोडायची) घेऊन जा, एसएसएचच्या (नेटवर्कवरून लॉगिन) भरवशावर राहू नका.

आणि कॉस्ट (लिंकची किंमत; रूटकडे जाणारा कमी किमतीचा रस्ता उघडा राहतो): एमएसटीत सिस्को गिगाबिटला ४ नाही, २०००० धरतो. बाहेरच्या दोघांवर जुनी, ४ वाली पद्धत निवडलेली असेल तर ब्लॉक भलत्याच लिंकवर पडेल.

हिंगणा_रिंग:
दोन लिंकवर मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि कॉपर जोडणारे डबे) आहेत. फरक पडेल का?

ट्रंकवाला:
पडेल. फायबर तुटलं तरी कॉपरचा पोर्ट चालूच दिसतो, मग तीन हॅलो (दर २ सेकंदांनी येणारे बीपीडीयू) चुकेपर्यंत, म्हणजे ६ सेकंद, स्विचला पत्ताच नसतो. कन्व्हर्टरवर लिंक फॉल्ट पास-थ्रू (फायबर तुटलं की कॉपरचा पोर्टही बंद दाखवणं) असेल तर दोन्ही टोकांना चालू करा. डुप्लेक्सही बघा, हाफ (एका वेळी एकाच दिशेने डेटा) निघालं तर ती लिंक शेअर्ड (अनेकांत वाटलेली) धरली जाते आणि जुन्याच वेगाने उघडते.

सगळं झाल्यावर पिंग चालू ठेवून रिंगची एकेक लिंक काढून बघा. हे पास होईपर्यंत कॉन्फिग सेव्ह करू नका. बिघडलं तर सातही रीलोड केले की जुनं परत.