विमान उतरताना आपटले की दोष वैमानिकाचाच का?

होटगीकर : लहान विमाने उतरताना आपटतात ती शिकाऊ मुलांच्या घाईमुळे, असे काल येथे एकाने ठामपणे लिहिले, ते वाचून राहवले नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवर आहे आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की वेगदर्शकाचा काटा नेहमीच्या ६५ नॉटवर असूनही विमान प्रत्यक्षात सुमारे आठ टक्के अधिक वेगाने येते. थांबायला अंतर जास्त लागते. हा त्या मुलाचा गुन्हा कसा?

माजी प्रशिक्षणार्थी : उन्हाची सबब मला पटत नाही. माझे सेसना १५२ हे प्रशिक्षणाचे लहान विमान आपटले ते डिसेंबरच्या सकाळी, वारा नसताना. वेग जास्त होता, पुढचे चाक आधी टेकले, विमान उसळले आणि मी घाबरून योक (विमानाचे हातातले सुकाणू) पुढे दाबला. तिसऱ्या उसळीला पुढच्या चाकाचा दांडा वाकला. पहिल्याच उसळीला थ्रॉटल पूर्ण देऊन पुन्हा वर जायला हवे होते.

जुळे सोलापूर : आणि अडथळ्यांचे काय? विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, तोवर या शहराने विमानसेवेची किती वर्षे वाट पाहिली! मार्गात उंच बांधकाम असले की वैमानिकाला चढ्या कोनातून उतरावे लागते, वेग वाढतो, आणि विमान धावपट्टीवर तरंगत राहते.

ऊस उत्पादक सभासद : चिमणी असतानाही येथे लहान विमाने उतरत होती, हे सोयीने विसरू नका. ती पडली त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. गोव्याची विमानसेवा सुरू व्हायला त्यानंतरही जून २०२५ उजाडला. मग तो विलंब कोणाच्या माथी मारायचा?

जुळे सोलापूर : तुमचे दुःख मी नाकारत नाही, पण उसाच्या हिशेबात प्रवाशांचा जीव मोजू नका.

ऊस उत्पादक सभासद : जीव आम्हालाही आहेत. शब्द जपून वापरा.

माजी प्रशिक्षणार्थी : कृपया मूळ प्रश्नाकडे या. सर्वांत घातक चूक शेवटच्या वळणावर होते. वळताना विमान धावपट्टीच्या सरळ रेषेपलीकडे गेले, म्हणजे रेषा ओलांडली गेली, की वैमानिक विमान जास्त कलवतो. उंची राखून ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग) १९ टक्क्यांनी वाढतो, आणि तेथे सावरायला उंचीच नसते. होटगीकर, तापलेल्या हवेत खरा वेग जास्त असल्याने हे वळण फाकते आणि रेषा ओलांडली जाण्याचा धोका वाढतो, एवढे मला मान्य करावे लागेल. तरीही पुन्हा वर जाण्याचा निर्णय वैमानिकाचाच असतो.

होटगीकर : निर्णय त्याचा, हे मान्य. पण परत वर गेलास म्हणून त्याला सगळ्यांदेखत झापणारा प्रशिक्षक मी स्वतः पाहिला आहे, आणि पुढच्या वेळी त्या मुलाने वाईट अप्रोच (धावपट्टीकडे उतरत येणे) तसाच रेटला.