सागाच्या वाळलेल्या पानाच्या शिरा चित्रात सपाट का दिसतात?

प्रश्न (ठाणे): येऊरहून आणलेले सागाचे वाळलेले पान मी आठवडाभर एचबी पेन्सिलीने रेखाटत आहे, परंतु शिरा वरून चिकटवलेल्या दोऱ्यासारख्या दिसतात. काय चुकत असावे?

उत्तर 1: आपण शिरेची कडाच रेषेने काढत असाल. पान उलटे ठेवावे, कारण शिरा मागच्या बाजूने उठावदार असतात. खिडकीचा उजेड एकाच बाजूने घ्यावा आणि शिरेच्या सावलीकडे 2बी पेन्सिलीने आखूड, तिरक्या रेषा दाट करत न्याव्यात, म्हणजे शीर कोऱ्या कागदातूनच वर येते.

उत्तर 2: सहमत. खडबडीत पोतासाठी मात्र ठिपके द्यावेत, बोटाने घासू नये (मी वर्षभर तेच करत होतो).

प्रश्नकर्ती: उलटे ठेवून पाहिले. मधली शीर देठापासून टोकाकडे निमुळती होते, हे मी इतके दिवस पाहिलेच नव्हते.